सहा फुटी लँडस्केप प्रिंट काढायचीय, बॉडी बदलू की लेन्स घेऊ? (डी७५०, सातारा)

वाढेफाटा_८८:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही म्हणून लिहितोय. माझ्या मामांचा कोरेगाव रोडला नवीन दवाखाना होतोय, वेटिंग रूमची एक भिंत पूर्ण मोकळी आहे, नऊ फूट रुंद. मामा म्हणाले की बाजारातनं कुठल्यातरी परदेशी तळ्याचं पोस्टर आणून चिकटवण्यापेक्षा तू एवढा डोंगरात फिरतोस, तुझाच फोटो लाव, सहा बाय चार फूट. माझ्यासाठी ही लय मोठी गोष्ट आहे कारण आजपर्यंत माझी सगळ्यात मोठी प्रिंट बारा बाय अठरा इंचाची आहे आणि ती पण घरात.

माझ्याकडं निकॉन डी७५० कॅमेरा आणि २४-१२० एफ/४ लेन्स आहे, बास. गेल्या ऑक्टोबरात सज्जनगडावरनं उरमोडीच्या पाण्याचा एक फोटो काढलाय, पाऊस संपून हवा अगदी धुतल्यासारखी होती, खाली परळीची घरं, पाणी, आणि पलीकडं डोंगराच्या धारा एकामागं एक. मामांना तोच आवडलाय. पण स्क्रीनवर शंभर टक्के झूम केला की घरांची कौलं म्हणजे नुसता लालसर चिखल दिसतो. २४ मेगापिक्सेल सहा फुटाला पुरत नाहीत असं मित्र म्हणतो, तो म्हणतोय सोनीची ६१ मेगापिक्सेलवाली घे. दुसरा म्हणतो बॉडी राहू दे, १६-३५ वाइड लेन्स घे. माझ्याकडं सगळं मिळून सव्वा लाख आहेत, तेही दोन वर्षं साठवून. एकदाच खर्च करायचाय, चुकला तर परत जमणार नाही. काय करू?

सह्यपठार:

भावा, आधी पैसे खिशात ठेव. सहा फूट म्हणजे ७२ इंच, तुझी फाईल साधारण ६००० पिक्सेल रुंद, म्हणजे इंचाला ८३ पिक्सेल पडतात. हा आकडा ऐकला की लोक घाबरतात कारण सगळीकडं ३०० लागतात असं लिहिलेलं असतं. पण ते ३०० आलं कुठनं हे बघ. चांगल्या नजरेचा माणूस एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा वेगळा ओळखू शकतो, आणि हातात धरलेला फोटो आपण फूटभरावर धरतो, त्या अंतराला हिशोब केला की इंचाला साधारण २९० ठिपके येतात. म्हणजे ३०० हे हातातल्या अल्बमचं माप आहे. अंतर दुप्पट झालं की गरज निम्मी होते. दोन फुटाला १४३, तीन फुटाला ९५, आठ फुटाला तर ३६ सुद्धा पुरतात.

तेव्हा पहिलं काम, टेप घेऊन दवाखान्यात जा आणि बाकडं भिंतीपासनं किती लांब आहे ते मोज. आणि पेशंट भिंतीच्या किती जवळनं ये-जा करणार तेही बघ.

दुसरं काम, तुझ्या फोटोतला परळीच्या घरांचा भाग १००० बाय ६६७ पिक्सेलचा कापून घे आणि तुमच्या नेहमीच्या स्टुडिओतनं तेवढाच बारा बाय आठ इंची काढून आण. हा तुकडा म्हणजे तुझ्या सहा फुटी प्रिंटचा खराखुरा तुकडा आहे, तेवढ्याच मोठ्या आकारात. भिंतीला टेपनं चिकटव आणि बाकड्यावर जाऊन बस. आम्ही इथं पन्नास जणांनी काहीही सांगितलं तरी त्या तुकड्याएवढं खरं कोण बोलणार नाही. खर्च चहा-वड्याएवढा.

आणि हो, तो फोटो काढताना सेटिंग काय होतं ते पण टाक इथं.

वाढेफाटा_८८:

दादा धन्यवाद, उद्याच करतो. सेटिंग बघितलं, ४२ मिमी, एफ/१८, १/४०, आयएसओ १००, हातात धरून, व्हीआर (लेन्समधली हलणं कमी करायची सोय) चालू. सगळं शार्प यावं म्हणून एफ/१८ ठेवलं होतं. वारा होता.

कृष्णाकाठची:

एफ/१८ आणि हातात, तिथंच तुझी कौलं गेली. मी सांगलीची, सात-आठ वर्षं लँडस्केपच काढतेय आणि सुरवातीला हीच समजूत माझी पण होती की आकडा जेवढा मोठा तेवढं सगळं शार्प. एफचा आकडा मोठा म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक, आणि छिद्र बारीक झालं की प्रकाश कडांवरनं पसरतो, त्याला डिफ्रॅक्शन म्हणतात, तो कुठल्याही लेन्सला चुकत नाही, लाखाची असो नाहीतर दहा हजाराची. फुल फ्रेमवर, म्हणजे तुझ्या डी७५० सारख्या मोठ्या सेन्सरवर, एफ/८ ते एफ/११ च्या मधे राहायचं, एफ/१६ नाइलाज असेल तरच. आणि तुझ्या फोटोत जवळचं काहीच नाहीये, सगळं शेकडो मीटर लांब, तिथं एफ/८ ला सगळं शार्प येणारच होतं. वर वाऱ्यात हातात १/४०, व्हीआर मदत करतो पण सहा फुटाला ती मदत पुरत नाही, थोडासा हलला तरी पानं-कौलं-फांद्या सगळं एकमेकात मिसळतं. म्हणजे तुझ्या २४ मेगापिक्सेलमधले खरे कामाला आले असतील आठ-दहा. आधी ते पूर्ण २४ तरी वापर.

६१ चं म्हणशील तर, पिक्सेल अडीचपट झाले म्हणजे प्रिंट अडीचपट मोठी होत नाही, कारण ते रुंदी आणि उंची दोन्हीत वाटले जातात. २४ वाला ६००० रुंद, ४५ वाला म्हणजे डी८५० किंवा झेड७, ८२५६ रुंद, ६१ वाला ९५०४. सहा फुटाला भागून बघ, ८३, ११५, १३२. सह्यपठार दादांनी दोन फुटाला १४३ सांगितलेत, म्हणजे लाखो रुपये घालून पण तो आकडा गाठत नाहीसच.

आणि १६-३५ बद्दल माझं स्पष्ट मत आहे, आपल्याकडच्या डोंगरांसाठी ती पहिली लेन्स नाही. आपले डोंगर सपाट माथ्याचे आणि लांबच लांब पसरलेले, १६ मिमीनं काढला की सज्जनगड असो नाहीतर अजिंक्यतारा, मधे एक बारीक पट्टी होऊन बसतो, वर आभाळ खाली गवत. डोळ्याला जो डोंगर अंगावर आल्यासारखा वाटतो तो फोटोत मुंगीएवढा. मी स्वतः १६-३५ घेऊन दोन वर्षं हेच करत होते. माझे भिंतीवर लागलेले सगळे फोटो ३५ ते १०० च्या मधले आहेत. धारांवर धारा दाखवायच्या तर ७०-२०० एफ/४ सारखी लेन्स, तीही दुसऱ्या टप्प्याला.

१६-३५ ची जागा कासला आहे. खाली गेंद, सीतेची आसवं पार लेन्सजवळ आणि मागं ढग, तिथं दुसरं काही चालत नाही. पण तू तो फोटो काढत नाहीयेस ना आत्ता.

यवतेश्वर_घाट:

ताईंशी सहमत, आणि मी एक पाऊल पुढं जाऊन सांगतो, तुला कायच घ्यायची गरज नाही, जोडून काढ. पॅनोरमा. मोबाईलवाला नाही, नीट ट्रायपॉडवर.

हिशोब बघ. तुझी २४-१२० आहे ती ५० मिमीला ठेव, कॅमेरा उभा धर. उभ्या फ्रेमची रुंदी ४०१६ आणि उंची ६०१६ पिक्सेल. अशा चार फ्रेम डावीकडनं उजवीकडं काढ, प्रत्येक फ्रेमचा एक तृतीयांश भाग पुढच्या फ्रेमवर चढला पाहिजे. जोडल्यावर साधारण १२००० बाय ६०००, कडा छाटून ११००० बाय ५५०० हातात येतात. सहा फुटाला इंचाला १५३. ६१ मेगापिक्सेलवालीच्या १३२ पेक्षा जास्त, तुझ्या आत्ताच्या कॅमेऱ्यात. आणि चार फ्रेमचा मिळून कोन ८१ अंश होतो, म्हणजे २१ मिमीच्या लेन्सनं जेवढं आडवं दिसेल तेवढं, फक्त तेवढ्याच रुंदीत बारकावा जवळपास दुप्पट.

आता कसं काढायचं ते नीट वाच कारण यात लोक घाई करतात. सगळं मॅन्युअल, एक्सपोजर पण, व्हाइट बॅलन्स पण, फोकस पण. ऑटो ठेवलंस तर पाण्यावरची फ्रेम वेगळी उजळ आणि डोंगराची वेगळी, मग आभाळात पट्टे पडतात. पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) असेल तर काढून ठेव, तो आभाळाचा एकच भाग गडद करतो आणि जोडल्यावर मधेच काळसर डाग दिसतो. झूमची रिंग ५० ला ठेवून कागदी टेप लाव, माझी एकदा तिसऱ्या फ्रेमला सरकली आणि अख्खी सकाळ वाया गेली, ढग परत तसे आलेच नाहीत. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये झूम करून लांबच्या एखाद्या घराच्या कडेवर. एफ/८, आयएसओ १००, रॉ म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली फाईल. व्हीआर बंद, ट्रायपॉडवर तो उलट हलवतो. डी७५० मध्ये एक्सपोजर डिले मोड आहे, तो तीन सेकंदाला लाव, म्हणजे आरसा वर गेल्यावरचा थरथराट थांबतो आणि मगच शटर उघडतं.

ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नको, गडावर वारा त्यालाच धरतो. बॅग खाली लटकवायची तर जमिनीला टेकेल अशी, नाहीतर ती झोके घेते आणि ट्रायपॉडला पण घेऊन हलते.

जोडायला लाइटरूममध्ये फोटो मर्ज आहे, नाहीतर ह्युजिन फुकट मिळतं.

अडचणी पण सांगतो. हलणाऱ्या गोष्टी जोडावर आल्या की तुटतात. चाळकेवाडीला पवनचक्क्यांचं पातं अर्धं एका फ्रेमला अर्धं दुसऱ्या फ्रेमला, तसले तीन पंखे मी हातानं दुरुस्त केलेत. आणि जवळ कठडा, झाड, दगड असलं काही फ्रेममध्ये असेल तर कॅमेरा फिरवताना ते मागच्या डोंगराच्या मानानं सरकतं, मग नोडल पॉइंटवर, म्हणजे ज्या बिंदूभोवती फिरवलं की जवळचं-लांबचं एकमेकाच्या मानानं सरकत नाही त्यावर, फिरवायला वेगळी पट्टी लागते. तुझ्या फोटोत सगळं लांब आहे त्यामुळं तुला ती लागणार नाही, फक्त बुरुजाचा दगड खालच्या कोपऱ्यात घेऊ नको.

रोल४४_सांगली:

मी छापणारा माणूस, कॅमेऱ्यातलं बाकी लोकांनी सांगितलंय, मी भिंतीचं सांगतो, कारण फोटो भारी काढून शेवटी छपाईत माती झालेल्या फायली रोज बघतो.

पहिली गोष्ट सहा बाय चार विसरा. चांगल्या पिगमेंट शाईच्या मशिनला जास्त करून ४४ इंची रोल असतो, म्हणजे तीन फूट आठ इंच, चार फूट त्यात बसतच नाही. ६४ इंची मशीन असतं पण ते शोधत मोठ्या शहरात जावं लागेल नाहीतर दोन तुकड्यात छापून मधे जोड. सहा बाय तीन करा, वरच्या भावांनी जो ११००० बाय ५५०० चा हिशोब दिलाय तो नेमका दोनास एक आहे, रोलवर आरामात बसतो, कॅनव्हास असेल तर चौकटीवर दुमडायला प्रत्येक बाजूला दोन इंच जास्त लागतो तोही बसतो. नऊ फुटी भिंतीवर सहा बाय तीन दिसतो पण छान, दोन्हीकडं दीड-दीड फूट मोकळं.

दुसरी गोष्ट फ्लेक्सच्या दुकानात टाकू नका. ते रस्त्यावरनं बघायचं काम आहे, दोन फुटावर दाणा दिसतो आणि हिरव्याचा पोपटी होतो.

दवाखाना म्हणजे वर ट्यूबलाइट असणार. काच किंवा चकचकीत कागद लावला तर फोटोच्या जागी ट्यूबच दिसते. मॅट कागद नाहीतर कॅनव्हास. दोघातला फरक असा की कॅनव्हासच्या विणीत फाईलचा कमीपणा झाकला जातो, पण तसाच बारकावा पण झाकला जातो. एवढ्या मेहनतीनं १५३ आणलेत तर मी जाड कॉटनचा मॅट कागद सुचवीन. मॅटला काळा रंग चकचकीत कागदाएवढा खोल येत नाही, तेव्हा सावलीतली झाडी थोडी उजळून द्या नाहीतर डोंगराचा खालचा भाग सगळा एकच काळा गोळा होतो.

तिसरी आणि सगळ्यात जास्त भोवणारी, मॉनिटरचा ब्राइटनेस. घरी फुल ब्राइटनेसवर एडिट करतात आणि मग म्हणतात प्रिंट काळी आली. पांढऱ्या कोऱ्या कागदावर खोलीतला उजेड पडू द्या, तो कागद स्क्रीनच्या शेजारी धरा आणि स्क्रीन त्याच्याएवढी होईपर्यंत खाली आणा. कॅलिब्रेटर मिळाला तर उत्तमच. छापणाऱ्याकडनं त्याच्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात याची फाईल) मागा, आणि पूर्ण प्रिंटच्या आधी त्याच कागदावर आठ इंची पट्टी काढा, आभाळ, पाणी, झाडी तिन्ही येईल अशी, आणि ती दवाखान्याच्या उजेडात बघा, दुकानात नाही.

चौकट भिंतीला चिकटून बसवू नका, मागं चार कोपऱ्यात अर्धा इंची गुटके लावा. पावसाळ्यात भिंत ओल धरते, तीच कागदात उतरते.

सह्यपठार:

यात एक भर. खर्च करायचाच असेल तर ट्रायपॉडवर कर, आणि एल-ब्रॅकेट घे म्हणजे कॅमेरा उभा बसवला तरी मधोमध राहतो. उरले त्यात ५० मिमी एफ/१.८, ती एफ/८ ला कडेपासनं कडेपर्यंत एकसारखी शार्प आहे आणि तिला झूमच नाही, त्यामुळं सरकायचा प्रश्नच नाही. त्याउपर बॉडीच पाहिजे असं वाटलं, म्हणजे उद्या कासला जाऊन जवळची फुलं एका फ्रेममध्ये मोठी छापायची झाली, तर जुना डी८१० बघ. ३६ मेगापिक्सेल, ७३६० रुंद, आयएसओ ६४ पासनं सुरू होतो आणि तुझ्या सगळ्या लेन्स त्याला चालतात. फुलं वाऱ्यानं हलतात, तिथं चार फ्रेम जोडणं शक्य नाही.

जुनी लेन्स घेताना एवढं कर. मी एक वाइड लेन्स जुनी घेतली होती, मधनं सुरेख, उजवा कोपरा कायम पुसट. आतलं एक भिंग तिरकं बसलं होतं आणि विकणाऱ्यानं परत घ्यायला नकार दिला. ते पैसे गेलेच. आता मी घेण्याआधी अजिंक्यताऱ्यावर जातो, यवतेश्वरच्या डोंगरावरची एखादी ठळक वस्तू धरतो, एफ/५.६ ला तिला आधी डाव्या कोपऱ्यात, मग मधे, मग उजव्या कोपऱ्यात ठेवून तीन फोटो काढतो आणि लॅपटॉपवर शेजारी शेजारी लावतो. डावा-उजवा सारखा नसेल तर लेन्स परत. दहा मिनिटाचं काम आहे.

वाढेफाटा_८८:

मंडळी, तुकड्याचा रिपोर्ट. बारा बाय आठचा तुकडा काढला, भिंतीला लावला. बाकडं साडेसात फुटावर आहे, तिथनं खरंच काहीच कमी वाटत नाही, मामांना तर कळलंच नाही की फोटो पुसट आहे. पण गोळ्या द्यायच्या खिडकीची रांग त्याच भिंतीला लागून जाणार आहे, तिथं माणूस दीड-दोन फुटावर उभा राहणार, आणि त्या अंतराला घरं नाहीत, नुसते तांबडे फराटे आहेत. तिथं एक आजी रंगकामाच्या पोरांना जेवण घेऊन आल्या होत्या, त्या परळीच्याच निघाल्या. तुकड्याजवळ गेल्या, बोट फिरवत म्हणाल्या यात आमचं घर कुठलं. मी दाखवू शकलो नाही. तिथंच ठरवलं की हा फोटो नाही, परत काढायचा.

मग शनिवारी घरच्या गच्चीवरनं चार फ्रेमची प्रॅक्टिस केली, मित्राचा ट्रायपॉड, ५० ला टेप लावून, एफ/८. जोडलेली फाईल ११३०० रुंद आली आणि समोरच्या गल्लीतल्या घराच्या टाकीवर लिहिलेले लिटर वाचता येतायत. मी अर्धा तास नुसता झूम करून बघत बसलो. आता बॉडी नाही, ट्रायपॉड आणि एल-ब्रॅकेट घेतोय.

एकच विचारायचंय, आत्ता जावं का थांबावं? सध्या सकाळी दरीत पांढरट धूर दिसतो.

कृष्णाकाठची:

थांब. हंगाम चालू आहे, ऊस तुटला की पाचट पेटवतात आणि थंडीत तो धूर वर जात नाही, दरीतच पसरून राहतो. पुढं फेब्रुवारीपासनं वणवे आणि धुरळा, ते थेट वळवापर्यंत. धुरातनं गेलेला बारकावा कुठल्याच लेन्सनं परत येत नाही, एडिटिंगमधला धुरकटपणा काढायचा डिहेझचा स्लायडर ओढला की लांबचा डोंगर निळा आणि दाणेदार होतो, सहा फुटाला तो पहिला डोळ्यात भरतो. एक तर अवकाळी पाऊस पडून गेला की दुसऱ्याच दिवशी पळ, हवा एक-दोन दिवस धुतलेली असते. नाहीतर सरळ सप्टेंबर अखेर ते दिवाळी, पाणी पण तेव्हा भरलेलं असतं. दवाखान्याचं उद्घाटन कधी आहे?

वाढेफाटा_८८:

ताई उद्घाटन पाडव्याला आहे. पण मामा म्हणाले भिंत मोकळी राहिली तरी चालेल, फोटो तोच पाहिजे. पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी पहाटेच निघतो, बॅग भरूनच ठेवतोय.

यवतेश्वर_घाट:

मामा भारी आहेत. पहाटे उजेड फुटायच्या आत काढू नको, सूर्य वर आल्यावर तासाभरात काढ, तेव्हा कौलांच्या एका बाजूला ऊन आणि एका बाजूला सावली असते, घरं वेगवेगळी ओळखू येतात. एकाच जागेवरनं चार-पाच सेट काढ, प्रत्येक सेट सुरू करायच्या आधी आणि संपल्यावर लेन्ससमोर हात धरून एक फोटो घे, आधी डावा हात, शेवटी उजवा. घरी आल्यावर वीसेक सारख्या दिसणाऱ्या फायलींमध्ये कुठला सेट कुठं संपला ते शोधत बसावं लागत नाही. आणि त्या आजींचं घर नेमकं कुठल्या बाजूला आहे ते आधी विचारून घे, ते दोन फ्रेमच्या जोडावर येऊ देऊ नको.